सूर्यावरचा ठिपका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सेक्रेटरींनी सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, पण पाण्याचा टँकर आणि पार्किंग हे दोन विषय सोडून." ते दोन विषय सोडले तर आमच्या पिढीकडे बोलायला फारसं काही उरत नाही. तरी एक आठवण आहे, ती सांगतो. ती एका वहीची आहे. ही ती वही. शंभर पानी, वरचं कव्हर सुटलेलं, सेलोटेप लावलेली. हिच्यात आपल्या सोसायटीने आकाशाशी केलेल्या व्यवहाराची नोंद आहे. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे नोंद असलेल्या गोष्टीवर माझा विश्वास जास्त.

जुन्या सभासदांना बी विंगमधले आमचे सर आठवत असतील. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. २००४ साली, म्हणजे आपण इथे राहायला येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती तेव्हा, एप्रिल महिन्यात सर ही वही घेऊन घरोघरी फिरले. "८ जूनला शुक्राचं अधिक्रमण आहे, आपण सगळ्यांनी मिळून बघायचं." आम्ही विचारलं, म्हणजे काय? सर म्हणाले, चंद्र सूर्याच्या आड आला की आपण ग्रहण म्हणतो. शुक्रही कधीकधी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून नेमका जातो. पण तो लांब असल्यामुळे एवढुसा दिसतो, सूर्याच्या साधारण बत्तिसाव्या हिश्शाएवढा. त्यामुळे अंधार वगैरे काही होत नाही. सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सहा तास हळूहळू सरकत जातो. बस, एवढंच.

ए विंगमधल्या एका आजींनी विचारलं, "मास्तर, सोवळंओवळं काही आहे का? खायचं-प्यायचं चालतं ना?" सर म्हणाले, "आजी, ग्रहण नाही हे. शुक्र सूर्याच्या दारावरून चालत जाणार आहे. तुम्ही चहा पीत बघा." आणि आजींनी खरंच खाली खुर्ची मागवून चहा पीत बघितलं.

आता एवढ्याशा ठिपक्याचं कौतुक कशासाठी? पहिली गोष्ट, तो दुर्मीळ. शुक्र दर ५८४ दिवसांनी आपल्या आणि सूर्याच्या मधल्या बाजूला येतो, पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी साडेतीन अंशांच्या आसपास कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. नेमका समोरून जाण्याचा योग आठ वर्षांच्या अंतराने दोनदा येतो आणि मग शंभराहून जास्त वर्षं येत नाही. १८७४ आणि १८८२ ही मागची जोडी. त्यानंतर अख्खं विसावं शतक कोरडं गेलं. २००४ साली हयात असलेल्या एकाही माणसाने ते त्याआधी पाहिलेलं नव्हतं. सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने हेच लिहिलंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या ठिपक्यावरून माणसाने सूर्याचं अंतर काढलं. मुलांनो, हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो की नाही? मोठ्यांनीही करून बघा, लाजू नका. आता तुमचे दोन डोळे म्हणजे पृथ्वीवरची एकमेकांपासून लांबची दोन गावं, अंगठा म्हणजे शुक्र आणि मागची भिंत म्हणजे सूर्य. दोन गावांतून शुक्राचा सूर्यावरचा मार्ग थोडा वेगळा दिसतो आणि तो ओलांडायला लागणारा वेळही वेगळा भरतो. तो फरक मोजला की गणिताने अंतर मिळतं. त्याआधी केप्लरच्या नियमामुळे ग्रहांच्या अंतरांचं प्रमाण माहीत होतं. म्हणजे कोणाचा हिस्सा किती आणे हे ठाऊक होतं, पण मूळ रक्कम किती हेच कोणाला सांगता येत नव्हतं.

या हिशेबात हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. १६३९ साली इंग्लंडमध्ये जेरेमाया हॉरॉक्स नावाचा एकविशीतला तरुण जुन्या कोष्टकांतल्या चुका तपासत होता. त्याच्या लक्षात आलं की शुक्राचं अधिक्रमण अवघ्या महिन्याभरावर आलंय. त्याने विल्यम क्रॅबट्री या आपल्या मित्राला पत्र लिहिलं. हा मित्र कापडाचा व्यापारी. हॉरॉक्सने अंधाऱ्या खोलीत छोट्या दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली आणि सूर्य मावळण्याआधी जेमतेम अर्धा तास त्याला तो ठिपका दिसला. तिकडे क्रॅबट्रीकडे ढग होते. अगदी शेवटी ते फाटले आणि समोरचं दृश्य पाहून तो इतका भान हरपला की नीट मोजमाप करायचंच राहिलं. अख्ख्या जगात शुक्राचं ते अधिक्रमण पाहिल्याची नोंद फक्त या दोघांची. पुढे १६४१च्या जानेवारीत, मित्राला भेटायला जायचं ठरलेलं असताना आदल्याच दिवशी हॉरॉक्स अचानक वारला.

नंतर एडमंड हॅली. धूमकेतूवाला हॅली, तोच. त्याने विशीत असताना सेंट हेलेना बेटावरून बुधाचं अधिक्रमण पाहिलं होतं. १७१६ साली, साठीला टेकलेला असताना, त्याने एक सविस्तर योजना लिहिली: १७६१ला शुक्र सूर्यावरून जाईल तेव्हा जगाच्या वेगवेगळ्या टोकांना माणसं पाठवा, वेळा नोंदवा आणि सूर्याचं अंतर काढा. १७६१ साली आपण एकशे चार वर्षांचे असू, हे हॅलीला कळत नव्हतं असं नाही. तो १७४२ला गेला. पण योजना लिहिलेली होती, म्हणून पुढच्या लोकांनी ती अमलात आणली. १७६१ आणि १७६९ या दोन्ही वेळी माणसं जहाजांतून पृथ्वीभर गेली. कॅप्टन कुक ताहितीला गेला तो त्यासाठीच. त्या आकड्यांवरून १७७१ साली जे अंतर निघालं ते साधारण १५ कोटी ८ लाख किलोमीटर. आज आपण १४ कोटी ९६ लाख म्हणतो. एक टक्क्याच्या आतली चूक! अडीचशे वर्षांपूर्वी, लंबकाच्या घड्याळांवर. आमच्या बँकेत कधीकधी संध्याकाळची कॅश याहून जास्त चुकायची.

या मोहिमांतला एक माणूस मला सख्ख्या नातेवाइकासारखा वाटतो. गियोम ल जांती नावाचा फ्रेंच. तो १७६० साली पाँडिचेरीला यायला निघाला. वाटेत कळलं की पाँडिचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेली. अधिक्रमणाच्या दिवशी तो भर समुद्रात होता. आकाश स्वच्छ, ठिपका दिसला, पण हलत्या जहाजावर मोजमाप कसलं घेणार? त्याने ठरवलं की आता आठ वर्षं थांबायचं आणि पुढचं बघूनच घरी जायचं. शेवटी पाँडिचेरीत आला, वेधशाळा बांधली, सगळी तयारी केली. १७६९च्या जूनमधली ती सकाळ उजाडली आणि नेमके ढग आले. काही दिसलं नाही. १७७१ला तो फ्रान्सला परतला तर तिथे त्याला मृत ठरवून वारसांनी मालमत्ता वाटून घ्यायला घेतलेली. अकादमीतली जागाही दुसऱ्याला दिलेली. म्हणजे बघा, मयताच्या दाखल्याशिवाय क्लेम सेटल! आमच्याकडे असं झालं असतं तर मॅनेजरची इन्क्वायरी लागली असती. पण माणूस चिवट. त्याला अकादमीत परत जागा मिळाली, त्याने लग्न केलं, मुलगी झाली आणि तो सुखाने राहिला.

नातेवाईक का वाटतो, ते आता सांगतो.

८ जून २००४, मंगळवार. सरांची तयारी जय्यत होती. दुर्बीण नव्हती. त्यांनी एका छोट्या आरशावर काळा कागद चिकटवला आणि कागदाला पाव इंचाचं भोक पाडलं. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बॉलवर तो आरसा बसवला, म्हणजे हवा तसा फिरवता येतो. आरसा कंपाउंडच्या टोकाला उन्हात ठेवायचा आणि कवडसा पाडायचा पार्किंगच्या आत, पंपरूमच्या भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या कागदावर. अंतर ऐंशी फूट. तेवढ्या अंतरावर सूर्याची प्रतिमा नऊ इंचांची, न्याहारीच्या ताटलीएवढी, पडते आणि शुक्र दिसतो वाटाण्याएवढा. त्या दिवशी पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर बाहेर काढल्या होत्या. सूर्याकडे थेट कोणी बघायचं नाही, गॉगल नाही, एक्स-रेची फिल्म नाही, हे वहीत तीनदा लिहिलंय. कोणी किती वाजता आरशापाशी बसायचं, कोणी कागदावर पेन्सिलने ठिपका मांडायचा, मुलांची रांग कोणी लावायची, सगळ्याचा तक्ता आहे. तक्त्यात माझंही नाव होतं. दुपारी दोन ते अडीच, आरसा.

मी आलो नाही. शाखेत इन्स्पेक्शन चालू होतं. शाखा स्कूटरवर वीस मिनिटांवर. बाराच्या सुमारास सौभाग्यवतींचा फोन आला, "अहो, काय सुंदर दिसतंय, अर्धा तास येऊन जा ना." मी म्हटलं, "आता नाही जमणार. २०१२ला परत आहे, तेव्हा रिटायर झालेला असेन, निवांत बघू." खरं सांगायचं तर इन्स्पेक्टरसाहेब त्या वेळी जेवायला गेले होते. मला निघता आलं असतं. आपण गेलो तर कामाचं कसं होईल, हा माझा भ्रम होता. मी रिटायर झाल्यावरही बँक उत्तम चाललीय.

संध्याकाळी घरी आलो तर पार्किंगमध्ये मुलं त्या कागदाभोवती उभी होती. कागदावर सूर्याचं वर्तुळ आणि त्यावर पेन्सिलचे ठिपके, सकाळी अकरापासून दुपारी साडेचारपर्यंत, एका सरळ रेषेत. मधे मधे जागा रिकामी, तिथे ढग आले होते. दोन ते अडीचच्या जागी मात्र ठिपका होता. माझी पाळी सरांनीच केली होती. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

सर २००९ साली गेले. पुढच्या वर्षी मी रिटायर झालो तेव्हा काकूंनी ही वही मला आणून दिली. म्हणाल्या, "हे म्हणायचे, पुढची जबाबदारी तुमची, तुमची एक पाळी बाकी आहे."

६ जून २०१२. या वेळी आपल्याकडे सूर्य उगवला तोच शुक्राला अंगावर घेऊन. सकाळी दहा-सव्वादहाला संपणार होतं. मी पहाटे साडेपाचला आरसा घेऊन कंपाउंडच्या टोकाला. पन्नास-साठ माणसं जमलेली. आणि ढग! पावसाळी, काळे, हलायलाच तयार नाहीत. सात वाजले, आठ वाजले. माणसं चहा घेऊन घरी गेली. नऊला मी, वॉचमन आणि सी विंगमधली एक दहा वर्षांची मुलगी, एवढेच उरलो. तिला मी पंपरूमच्या भिंतीपाशी बसवलं होतं, मी आरशाशी. पावणेदहाच्या सुमारास अचानक ऊन पडलं. दहा-बारा सेकंद असेल. मी आरसा धरून बसलो आणि तिकडून ती ओरडली, "आजोबा, दिसला! कडेला आहे!" मी ऐंशी फूट धावलो. बासष्टाव्या वर्षी माणूस जेवढा धावू शकतो तेवढा धावलो. पोचेपर्यंत भिंतीवर काहीच नव्हतं. परत ऊन पडलं ते सव्वाअकराला. तोवर शुक्र निघून गेला होता.

तर मंडळी, माझ्या हयातीत शुक्राची दोन अधिक्रमणं झाली आणि मी एकही पाहिलं नाही. एक माझ्यामुळे, एक ढगांमुळे. पुढचं डिसेंबर २११७ मध्ये. पण वहीत २०१२च्या पानावर त्या मुलीने पेन्सिलने काढलेलं वर्तुळ आहे, काठाजवळ ठिपका आहे आणि बाजूला वेळ: ९ वाजून ४६ मिनिटं. मी खूप दिवस हळहळलो. मग लक्षात आलं की आरसा कोणीतरी धरल्याशिवाय भिंतीवर ठिपका पडत नाही. माझी राहिलेली पाळी तेव्हा पुरी झाली होती.

मला पूर्ण रिकाम्या हाताने मात्र जावं लागलं नाही. ९ मे २०१६ला बुधाचं अधिक्रमण होतं. अक्षय्य तृतीयेचा दिवस, सगळ्यांकडे आमरस. आपल्या पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा जुनी, ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून चालू आहे. या छंदात रमलेला एक तरुण ओळखीचा निघाला आणि फिल्टर लावलेली दुर्बीण घेऊन आपल्या गच्चीवर आला. पावणेपाचपासून सूर्यास्तापर्यंत आम्ही बघितलं. बुध फारच लहान, टाचणीच्या टोकाएवढा. सहासष्टाव्या वर्षी माझं पहिलं अधिक्रमण! काकूंनीही पाहिलं. म्हणाल्या, "यांना सांगायला हवं होतं." २०१९ला आणखी एक झालं, पण ते आपल्याकडे सूर्य मावळता मावळता सुरू झालं, त्यामुळे गेलं.

आता मुद्द्यावर येतो. सरांनी २००४ सालीच वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. त्यातली एक अजून यायची आहे: १३ नोव्हेंबर २०३२, बुध. वार शनिवार, दिवाळी उरकलेली, पाऊस संपलेला, आणि वेळ दुपारी सव्वाबाराच्या आसपास सुरू होऊन साडेचारनंतर संपणारी. म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं आपल्या अंगणातून दिसेल. असा योग सहजी येत नाही. त्या तारखेपुढे सरांनी "जबाबदारी" असा रकाना आखलाय आणि त्यात लिहिलंय: "त्या वेळी जे असतील ते."

सात वर्षं आहेत. माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दुर्बिणीची. बुध सूर्याच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास दिसणार, तिथे सरांच्या आरशाचं काम नाही. किमान पन्नासपट मोठं दाखवणारी दुर्बीण लागेल आणि तिच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे सूर्याकडच्या बाजूला, चांगला सौरफिल्टर. डोळ्याकडच्या बाजूला लावायचा नाही, तो तापून तडकू शकतो. पैशांचं म्हणाल तर हिशेब केलाय. घरटी महिना दहा रुपये, अठ्ठेचाळीस फ्लॅट, चौऱ्याऐंशी महिने: चाळीस हजार तीनशे वीस रुपये. व्याज धरलेलं नाही. आजच्या भावाने दुर्बीण आणि फिल्टर येऊन चहाला पैसे उरतील. आणि दुर्बीण काही एका दिवसासाठी नाही, शनीची कडी आणि गुरूचे चंद्र रोज फुकट आहेत.

दुसरी विनंती गच्चीची. वॉटरप्रूफिंग झाल्यापासून गच्चीला कुलूप आहे. कारण योग्य आहे, मीच तेव्हा खजिनदार होतो आणि ठरावावर माझीही सही आहे. पण महिन्यातून एक संध्याकाळ, कोणीतरी जबाबदार माणूस बरोबर असताना, मुलांसाठी ते कुलूप उघडावं. आकाश बघायची सवय नसलेली मुलं एकदम २०३२ला गच्चीवर येणार नाहीत. रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे, हे मला माहीत आहे. बिल्डिंग कदाचित तेव्हा नवी असेल, तेवीस मजली असेल. करारात लिफ्ट आणि पार्किंगबरोबर उघड्या गच्चीचा एक कोपराही लिहून घ्या, एवढंच म्हणतो.

तिसरी विनंती वहीची. बँकेत चार्ज देताना दोघांची सही लागते. २०१२ साली भिंतीपाशी बसलेली ती मुलगी आज तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते आणि आत्ता मागच्या रांगेत तिच्या आईशेजारी बसलीय. मी तिला न विचारता हे जाहीर करतोय, त्याबद्दल तिने म्हाताऱ्याला माफ करावं. बाळ, पुढे ये आणि ही वही घे. आत शेवटच्या पानाखाली मी माझी सही केलीय, तू खाली तुझी कर. तुझं लग्न होईल, नोकरीसाठी कुठे परदेशी जाशील, तेव्हा तूही सतरंजीवरच्या यांच्यापैकी कोणाला तरी चार्ज देऊन जा. ७ नोव्हेंबर २०३९ला बुधाचं आणखी एक आहे, तेही आपल्याकडून दिसेल. ती तारीख मी लिहून ठेवलीय.

२०३२ला मी ब्याऐंशी वर्षांचा असेन. हयातीचा दाखला द्यायला मी नोव्हेंबरात बँकेत जातो. त्या वर्षीही गेलो, तर येताना आधी गच्चीवर येईन. नाही आलो, तर माझी पाळी कोणीतरी करा. सरांनी माझी केली होती.